वशिला कुणाचा?

इंग्रजीत ‘इन्फ्लुअन्स’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. आपल्या सोलापुरात त्याचे अवतार किती! कुणाची ‘वट’ असते, कुणाचा ‘वचक’ असतो, कुणाच्या ‘शब्दाला वजन’ असते. हे वजन तर मोठे गमतीचे. माणसाजवळ असले तर प्रतिष्ठा. कचेरीत ‘कागदावर वजन ठेवा’ म्हटले की तीच लाच! ‘वशिला’ अरबीतून आला. मूळ अर्थ साधन, मध्यस्थ. देवाच्या दारी पुजारी, तसा कचेरीच्या दारी पुढारी.

विडी वळणाऱ्या बाईला मुलाच्या जातीचा दाखला हवा असला, की वस्तीत पहिला प्रश्न येतो, “वळख हाय का कुणाची?” कायदा काय सांगतो, हे कुणी विचारत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके वट नव्हती, त्यालाच वशिला शोधत हिंडवायचे, यावर पुढाऱ्यांची दुकाने चालतात. त्यांत आपलेही काही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

राजकारणात समता आणि समाजात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वशिला ही त्या विसंगतीची रोजची बोली आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच द्यावी लागते, तीत मुदत नमूद करावी लागते. सबळ कारणाशिवाय काम रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा बंधूभगिनींनो, खिडकीवर कुणाचे नाव सांगू नका. पोच मागा, आणि तीवरची तारीख तिथेच वाचून घ्या.