विद्यार्थी परिषद: मेरिट, पैसा आणि गॅदरिंगपलीकडे

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात विद्यार्थी परिषदेचा विषय काढा. ‘सीआर (वर्गप्रतिनिधी) म्हणजे वर्गात पहिला आलेला,’ असंच बहुधा ऐकू येईल. हा समज हवेतून आलेला नाही. 1994च्या विद्यापीठ कायद्यात तीच पद्धत होती: गुणांवर वर्गप्रतिनिधी ठरायचे आणि ते आपल्यातून सचिव निवडायचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा मार्च 2017पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 99ने मतदान परत आणलं. अध्यक्ष, सचिव आणि महिला प्रतिनिधी यांना सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचं, वर्गप्रतिनिधीला त्या-त्या वर्गाने. 2019मध्ये निवडणुकांची तयारी झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे गेल्या आणि मग कोरोना आला. कायदा बदलला, सवय तशीच राहिली.

मग उमेदवाराला किती टक्के हवेत? विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगडोह समितीने किमान गुणांची अट घातलीच नाही. विषय राहिलेला नसावा आणि हजेरी पुरेशी असावी, एवढंच तिने मागितलं. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2006मध्ये देशभर लागू केल्या. निवडणुकीला भरपूर पैसा लागतो, ही भीतीही तिथेच संपते. खर्चाची कमाल मर्यादा 5,000 रुपये, छापील पोस्टरला बंदी, राजकीय पक्षाकडून निधी घ्यायला मनाई. हाताने लिहिलेलं पोस्टर चालतं.

मुलींसाठी एकच जागा असते, हे तर साफ चूक. महिला प्रतिनिधीचं पद त्यांच्यासाठी राखीव आहे, पण अध्यक्ष आणि सचिव ही पदंही त्यांना पूर्ण खुली आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी आळीपाळीने एक जागा राखीव असते. देवरी-सालेकसा भागातल्या आदिवासी मुलामुलींनी ही तरतूद माहीत करून घ्यायलाच हवी.

आपला जिल्हा गोंडवाना विद्यापीठात येतो, असंही काहींना वाटतं. त्या विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातच आहे, तेव्हा महाविद्यालयातून विद्यापीठ पातळीवर जाणाऱ्याची वाट नागपूरकडे जाते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘परिषद म्हणजे गॅदरिंग’ हा समज. 2016च्या त्याच कायद्याच्या कलम 97नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. वर्षाला किमान चार बैठका व्हाव्या लागतात. महाविद्यालयाचं वार्षिक अंदाजपत्रक आणि विकास आराखडा याच समितीपुढे येतो. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, मुलींच्या खोलीत पाणी-स्वच्छता कशी आहे, शेवटची एसटी निघून गेल्यावर प्रॅक्टिकल संपतं त्याचं काय करायचं, हे सगळं त्या बैठकीत लेखी मांडता येतं आणि इतिवृत्तात नोंदवून घेता येतं. हे अधिकार मला स्नेहसंमेलनाच्या मंचापेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात. मत मागायला आलेल्याला मतदारांनी आधी याबद्दलच विचारावं: विकास समितीत तू कोणता विषय मांडणार?