हातचा एक

आठ आणि सात पंधरा. पंधराचे पाच, हातचा एक! पाटीवरची ही बेरीज कोणत्या मराठी घरात घुमली नाही? पण हाच हातचा संगणकाच्या पोटातही असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरात, आणि त्याच्या आजच्या वंशजांतही, काही निशाणे असतात. त्यांना 'फ्लॅग' म्हणतात. उत्तर शून्य आले की एक निशाण वर, उणे आले की दुसरे, हातचा उरला की तिसरे. इंग्रज याला 'कॅरी' म्हणतो. आमचा 'हातचा' अधिक नेमका, कारण तो हातातच धरावा लागतो. पुढची बेरीज केली, की मागचा पुसला गेलाच!

लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, घ्या. एकाच हिशेबाच्या पानावर दोन प्रोसेसर धावले, तर आधी लिहायचे कुणी? त्यासाठी एक बिट ठेवलेला असतो. 'बीटीएस' या हुकमाने तो एक करायचा. आधी काय होता, ते हातच्यात येते. शून्य असेल तर पान मोकळे होते. एक असेल तर थांबा. हे उत्तर हरवले तर दोघेही लिहिणार, आणि हिशेबाचा बोजवारा!

कर्नल लिहितात बहुतांशी 'सी' भाषेत. यंत्रभाषेत तिचा तर्जुमा करतो कंपायलर. मध्येच घातलेल्या अशा यांत्रिक ओळी मात्र तो न समजता उतरवतो, आणि त्यांच्यापुढे आपली एखादी बेरीज खुशाल मांडतो. गंमत पाहा, बाहेरून इंटरप्ट आला तर प्रोसेसर सारी निशाणे जपून ठेवतो आणि परतताना पूर्ववत लावतो. भीती असते ती घरच्याच दुभाष्याची!

यावर जुना तोडगा मोठा नामी होता. त्याच ओळींत एखादी संख्या तिच्यातूनच वजा करायची, जोडीला हातचाही वजा करायचा. हातचा नसेल तर बाकी शून्य, असेल तर उणे एक. पण ती बाकी शून्य आहे का, हे पाहायला कंपायलर पुन्हा निशाणच वर करी! हा द्राविडी प्राणायाम जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीने २०१६ साली चुकवला. 'माझे उत्तर हातच्यात आहे' असे आता त्याला थेट सांगता येते, आणि तो मध्ये लुडबुड न करता तेच निशाण पाहून वाट निवडतो. कर्नलने ही सोय त्याच वर्षी उचलली. जुने कंपायलर बाळगणाऱ्यांसाठी हातचा आधी उतरवून घेण्याची रीतही काही वर्षे शेजारी नांदली.