ऑपरेशनआधीचं गणित

बायपासचा किंवा व्हॉल्व्हचा पेशंट यादीत लागला की त्याची फाइल आम्हा भूलतज्ज्ञांकडे येते. टू-डी इको, अँजिओग्राफीची सीडी, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी. त्यातून एक आकडा काढायचा असतो: ऑपरेशननंतर हा पेशंट दगावण्याची शक्यता किती टक्के?

त्यासाठी आम्ही ‘युरोस्कोर’ वापरतो. मूळ सूत्र १९९९चं. पुढे शस्त्रक्रिया सुधारत गेली आणि जुनं सूत्र धोका फुगवून सांगू लागलं. २०१० साली ४३ देशांतल्या २२ हजारांहून अधिक पेशंटची माहिती जमवली, तेव्हा प्रत्यक्ष मृत्यू ३.९ टक्के निघाले. जुन्या लॉजिस्टिक सूत्राचा अंदाज होता साडेसातच्या वर. म्हणून २०१२मध्ये ‘युरोस्कोर २’ आलं. वय, हृदयाचं पंपिंग, ९० दिवसांत येऊन गेलेला झटका, इन्सुलिन, फुप्फुसाचा जुना आजार, आधी झालेलं हृदयाचं ऑपरेशन, तातडी किती, हे सगळं त्यात भरायचं.

भरताना डोळे उघडे लागतात. समजा, ७४ वर्षांच्या आजी आहेत, वजन ४६ किलो. क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर कुठे लाल खूण नाही. पण वय आणि वजन धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली की ती मिनिटाला जेमतेम ३३ मिलिलिटर भरते. पन्नासच्या खाली म्हणजे या गणितात गंभीर बिघाड. आजींचे स्नायूच इतके झिजलेले असतात की क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं, आणि थकलेलं मूत्रपिंड त्याआड लपून राहतं.

काही गोष्टींना या सूत्रात रकानाच नाही. वार्धक्यातला अशक्तपणा त्यातलाच. म्हणून आम्ही वॉर्डच्या पॅसेजमध्ये पाच मीटर मोजून पेशंटला त्याच्या नेहमीच्या चालीने चालायला लावतो. सहा सेकंद किंवा जास्त लागले, तर कागदावरच्या आकड्यापेक्षा धोका मोठा आहे असं धरून चालायचं.

मग नातेवाइकांशी बोलणं. ‘चार टक्के’ म्हटलं की कुणी निर्धास्त होतं, कुणी हादरतं. म्हणून मी सांगते, अशा शंभर पेशंटपैकी साधारण चार जण घरी परतत नाहीत. यावर मुलगा हमखास विचारतो, “पण डॉक्टर, आमची आई त्या चारांत की शहाण्णवांत?” याचं उत्तर कोणत्याही सूत्राकडे नाही. सूत्र समूहाचं बोलतं. आई एकच असते. हे त्याला स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे.

तरीही हा आकडा मला मोलाचा वाटतो, कारण तो काढताना काय सुधारता येईल ते दिसतं. घाई नसेल तर अँजिओग्राफीच्या डायनंतर मूत्रपिंडाला सावरायला वेळ देता येतो. साखर आटोक्यात आणता येते, हिमोग्लोबिन वाढवता येतं, तंबाखू सोडवता येते, स्पायरोमीटरने श्वासाचे व्यायाम करून घेता येतात. व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर किडलेले दात आधी काढता येतात.

‘हाय रिस्क’ असा शिक्का मारून संमतिपत्रावर सही घेतली की काम संपलं, असं मानणं मला अजिबात मान्य नाही. धोका कशामुळे आहे, त्यातला किती कमी करता येईल आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल, या तीन गोष्टी पेशंटला त्याच्या भाषेत कळल्या पाहिजेत. सही त्यानंतर.