हेडफोनचं मॉडेल बंद झालंय? आधी कुशन बदलून बघा

नाशिकमध्ये अशोक स्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत गंगापूर रोडवर मोबाइलच्या सामानाची दुकानं कमी नाहीत. त्यातल्या कुठल्याही दुकानात दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या हेडफोनचं नाव सांगून बघा. "ते आता येत नाही. हे घ्या, त्याच्यापेक्षा भारी आहे," असं उत्तर मिळेल. यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवून पैसे घालवण्याआधी काही गैरसमज दूर केलेले बरे.

गैरसमज : आवाज बिघडला आणि मॉडेलही बंद झालं, म्हणजे हेडफोन संपला.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. हेडफोनमध्ये आवाज काढतो तो ड्रायव्हर, म्हणजे एक चुंबक, बारीक तारेची कॉइल आणि प्लास्टिकचा पातळ पडदा. नीट वापरला तर तो वीस-पंचवीस वर्षंही कुरकुर करत नाही. त्याच्या कितीतरी आधी कुशन, वायर आणि पिन मान टाकतात.

बहुतेक कुशनवरचं ‘लेदर’ हे पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्यानं ते हळूहळू विघटित होतं आणि कानाचा घाम, केसांचं तेल त्यात भर घालतात. मग काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. नाशिकचा उन्हाळा कितीही कोरडा असो, पावसाळ्याचे चार महिने या कामाला पुरेसे आहेत. नुसतं दिसणंच बिघडत नाही. आतला स्पंज बसला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कडेला फट पडते आणि त्या फटीतून खालचे स्वर निसटतात. डग्ग्याचा घुमारा जातो, तानपुरा पातळ वाटायला लागतो. माणूस म्हणतो ड्रायव्हर गेला, आणि बिघडलेलं असतं काही शे रुपयांचं कुशन.

मात्र कुशन कुठलंही चालतं असंही नाही. लेदरच्या जागी मखमली कापडाचं किंवा जास्त जाड कुशन बसवलं तर त्याच हेडफोनचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलू शकतो. म्हणून जाडी, आतल्या भोकाचा आकार आणि वरचं कापड मूळच्यासारखंच बघून घ्यावं.

एकाच कानात ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा वायर पिनेच्या मानेशी तुटलेली असते. हे काम एम.जी. रोडवरचा चांगला रिपेअरिंगवाला करू शकतो. फक्त त्याला एक गोष्ट माहीत असायला हवी : हेडफोनच्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेसारखा थर असतो आणि तो जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय सोल्डर नीट धरत नाही. "जोडली होती, पुन्हा सुटली" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं. सुटे भाग नाशकात मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेच.

गैरसमज : नव्या फोनला जुना हेडफोन चालत नाही.

2016 मध्ये ॲपलनं आयफोन 7 मधून गोल जॅक काढला आणि हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही तेच केलं. त्यामुळे कित्येक धडधाकट हेडफोन कपाटात गेले. त्यांना हवा असतो एक टाइप-सी कन्व्हर्टर, तोही आत डॅक चिप, म्हणजे डिजिटल सिग्नल हेडफोनला वाजवता येईल असा करणारी चिप, असलेला. चिप नसलेला स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर चालतो आणि बऱ्याच फोनवर मुका राहतो.

गैरसमज : त्याच नावाचं पुढचं मॉडेल म्हणजे तोच हेडफोन, सुधारलेला.

कधी हे खरं असतं, कधी अजिबात नसतं. सोनीचा एमडीआर-व्ही6 1985 चा. तो आता बंद झाला आहे. पण 1991 मध्ये आलेला त्याचा भाऊ, एमडीआर-7506, जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत अजून वापरला जातो आणि नवा मिळतो. दोघांची घडण जवळपास एकच, कुशन एकाचं दुसऱ्याला बसतं आणि आवाजातला फरक थोडासाच. व्ही6 साठी हळहळणाऱ्याला याहून जवळचा पर्याय नाही, आणि नावं इतकी वेगळी की नुसत्या नावावरून तो सापडणार नाही.

याउलट त्याच कंपनीच्या वायरलेस मालिकेत एक्सएम4 घडी होऊन छोट्या डब्यात जायचा. 2022 च्या एक्सएम5 मधून घडी गेली आणि 2025 च्या एक्सएम6 मध्ये परत आली. ज्यानं प्रवासासाठी एक्सएम4 जपला होता, त्याला ‘सुधारित’ एक्सएम5 घेऊन काय मिळालं?

खोक्यावरचं नाव तेच असलं तरी मागचा मालक तोच असतो असंही नाही. एकेजी या हेडफोन कंपनीचं व्हिएन्नातलं केंद्र 2017 मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी तिची मालक कंपनी हरमन सॅमसंगकडे गेली. सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा व्यवसाय 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या सोनोव्हानं घेतला. ही कंपनी मुळात श्रवणयंत्रं बनवणारी. तरुणपणी हेडफोन आणि म्हातारपणी श्रवणयंत्र, गिऱ्हाईक घरचंच! तर नाव बघून नव्हे, ऐकून घ्या.

गैरसमज : जास्त पैसे मोजले की जुन्यापेक्षा चांगलाच मिळणार.

2017 मध्ये जेरोन ब्रेबार्ट या संशोधकानं 283 हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि खालच्या-वरच्या स्वरांचा त्याचा तोल यांच्यात त्याला काहीही संबंध सापडला नाही. जास्तीच्या पैशांत मजबुती, आराम किंवा बाहेरचा गोंगाट कापण्याची सोय मिळू शकते. तुम्हाला आवडलेला आवाज मिळेलच, याची हमी त्या पैशांत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचंही तसंच. ‘5 ते 40,000 हर्ट्झ’ वाचून हुरळून जाऊ नका. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो आणि वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. ओहमचा आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा, हाही भ्रमच. 300 ओहमचा हेडफोन फोनवर दबका वाजू शकतो, 63 ओहमचा 7506 मात्र आरामात वाजतो. पर्याय शोधताना हा एक आकडा जुन्याशी जुळवावा, बाकीचे सोडून द्यावेत.

गैरसमज : जुना आवाज माझ्या पक्का लक्षात आहे.

नाही. आवाजाच्या बारीक छटांची स्मृती फार थोडा वेळ टिकते. शिवाय जो जरासा मोठ्यानं वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, आणि दुकानात व्हॉल्यूम नेहमी चढवलेला असतो. त्यात भर म्हणजे तुम्हाला सवय झालेला आवाज बहुधा झिजलेल्या कुशनचा असतो. त्यामुळे तेच मॉडेल कोरं करकरीत हाती आलं तरी पहिले काही दिवस ते परकं वाटू शकतं. मग ते आवडायला लागलं की दुकानदार याला ‘बर्न-इन’ म्हणतील, म्हणजे वाजून वाजून ड्रायव्हर मोकळा होणं. मुख्यतः कान सरावतात, ड्रायव्हर फारसा बदलत नाही.

म्हणून जुना हेडफोन सोबत न्या. पाठ असलेलं एक गाणं दोन्हींवर सारख्याच मोठेपणानं ऐका. डग्गा भरीव वाटतो का, गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. थोडाफार फरक फोनमधल्या इक्वलायझरनं भरून काढता येतो. इक्वलायझर लावणं म्हणजे फसवणूक, असं मानणाऱ्या शौकिनांचं मनावर घेऊ नका. कानावर नीट न बसणारा हेडफोन मात्र कुठल्याही इक्वलायझरनं सुधारत नाही.

गैरसमज : जुन्या मॉडेलचा सीलबंद पीस मिळाला की सुटलो.

सीलबंद खोक्यातही पॉलियुरेथेन म्हातारं होतच असतं, आणि वायरलेस असेल तर बॅटरीसुद्धा. शिवाय बंद झालेल्या लोकप्रिय मॉडेलच्या नकलाही बाजारात येतात. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणं 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ते लेबल नसेल तर भारतातली वॉरंटीही धरून चालू नका.

कंपनीनं अमुक वर्षं सुटे भाग पुरवलेच पाहिजेत, असा हेडफोनसाठीचा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेलं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल दुरुस्तीची माहिती देतं, कंपनीवर सक्ती करत नाही. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः बदलता येतील अशा ठेवाव्या लागणार आहेत. त्याचा फायदा आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल.

तोवर दुकानात किंमत विचारण्याआधी एवढं विचारा : "याचं कुशन आणि वायर वेगळी मिळते का?" सेनहायझरचा एचडी 25 हा 1988 पासून विकला जातोय आणि त्याचा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो. दुकानदार "नाही" म्हणाला, तर तो हेडफोन तिथेच ठेवून या.