येम-येच तेवीस

बीडहून सोलापूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर पाली लागते. शेजारी बिंदुसरेचे धरण. महामार्गावरच्या गाड्यांवर एमएच 23 असेल तर गाडी बीडची, 13 असेल तर सोलापूरची, 25 असेल तर धाराशिवची. ही पाटी या भागात मोठ्याने वाचली जाते ती 'येम-येच तेवीस' अशी. एसटीची 'येस्टी' होते, एलआयसीची 'येलायसी'. शहरात याला गावंढळ इंग्रजी म्हणून हसतात. माझे म्हणणे असे, की हा उच्चार इंग्रजीच्या अज्ञानातून आलेला नाही; मराठीच्याच एका जुन्या आणि नेमाच्या सवयीतून आला आहे.

सवय अशी, की शब्दाच्या आरंभी 'ए' आला की बोलताना त्याला हलका 'य' चिकटतो आणि 'ओ' आला की 'व'. एक-एवढे यांचे येक-येवढे होते, ओठाचा वोठ. दासबोधात 'येक' हे रूप पानोपानी भेटते, आणि समर्थ रामदास 1608 साली जन्मले ते बीडला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या जांबेला. म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे इकडे पोचण्याच्या कितीतरी आधी ही वाट पडलेली होती. आता हाच नियम इंग्रजी अक्षरांना लावून पाहा. ए, एफ, एच, एल, एम, एन, एस, एक्स एवढ्याच अक्षरांना 'य' लागतो. ओचा 'वो' होतो. ई, आय, आर हीसुद्धा स्वरानेच सुरू होतात, पण त्यांच्या वाटेला हा 'य' जात नाही. बी, सी, डी तर जशीच्या तशी राहतात. अज्ञान असते तर चुका वाटेल तिथे विखुरल्या असत्या. इथे एकही अक्षर नेम सोडत नाही. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि तेलुगूतही आद्याक्षरे 'यस्', 'यम्' अशी लिहिलेली आढळतात, म्हणून हा तेलुगूचा संसर्ग असे कोणी म्हणेल. पण दासबोधातला 'येक' पाहता तसे मानण्याची गरज उरत नाही. आणि हसणाऱ्या शहरी माणसाचे तरी काय? हिंदीत टीवी आणि जेड. आपण टीव्ही आणि झेड म्हणतो, तेही 'झाड'मधल्या झ-ने. आपल्या कानाने इंग्रजी अक्षर ऐकणे त्यालाही चुकलेले नाही.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांत तरी एकमत कुठे आहे? शेवटचे अक्षर ब्रिटनमध्ये झेड, अमेरिकेत झी. अमेरिकेला खेटून असलेला कॅनडा बहुतांशी झेडवालाच. जे-ला स्कॉटलंडमध्ये अनेक जण 'जाय' म्हणतात. एचला आयर्लंडमध्ये 'हेच' म्हणतात, आणि उत्तर आयर्लंडात तर एच की हेच यावरून माणूस प्रॉटेस्टंट की कॅथलिक याचा अंदाज बांधला जाई. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगू लिखाणातही 'हेच' सर्रास दिसते.

यावर पहिला आक्षेप असा, की अक्षर सांगताना घोटाळा होईल. पण अक्षराच्या नावाचे काम ते दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येणे, एवढेच. येम आणि येन यांत जेवढा फरक आहे तेवढाच एम आणि एन यांत आहे. खरा घोटाळा एम-एन, बी-डी-पी यांचा, आणि तो लंडनच्या उच्चारातही होतो. म्हणून तर विमानवाहतुकीला 1956 पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी स्वतंत्र शब्दमाला वापरावी लागली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलाखतीत मुलाला हसतील, मग त्याने का सोसावे? हे खरे आहे, आणि प्रमाण उच्चार मुलांना ऐकवायलाच हवा. पण वेगळा उच्चार शिकवणे निराळे आणि घरचा उच्चार लाजिरवाणा ठरवणे निराळे. पालीच्या, बीडच्या शाळांतील शिक्षकांना विनंती एवढीच: मूल 'येस' म्हणाले आणि फळ्यावर अक्षर बरोबर काढले, तर त्याला पूर्ण गुण द्या आणि पुढचे अक्षर विचारा.