टाकीच्या तळाची परीक्षा

लातूर-नांदेडच्या साखर पट्ट्यात उसाबरोबर दोन ओझी येतात: रस गाळल्यावर उरणारी प्रेसमड आणि मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि सेंद्रिय भाराने जड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात स्पेंटवॉश नदीत पातळ करून सोडण्याचा विचारच चुकीचा. ही दोन्ही ओझी बंद टाकीत कुजवून जैववायू काढणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र टाकीतला माल नीट मिसळला नाही, तर प्रेसमडमधली माती-वाळू तळाशी बसते, उसाचा चोथा वर साय धरतो आणि टाकीची उपयोगी जागा आक्रसते.

वरून माल खळाळताना दिसला म्हणजे तो मिसळला असे होत नाही. खरी परीक्षा तळाची. डच संशोधक झ्वीटरिंग यांनी १९५८ मध्ये साधी कसोटी मांडली: कोणताही कण तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त स्थिर राहता कामा नये. त्यासाठी प्रयोगशाळेत पारदर्शक टाकी घेतात, खाली आरसा लावतात आणि ढवळणीचा वेग हळूहळू वाढवत नेतात. कडेचे कण अनेकदा सर्वांत शेवटी उठतात. भिंतीला उभ्या पट्ट्या नसतील तर द्रव नुसता गोल फिरतो आणि मधे भोवरा पडतो.

मिसळायला लागणारा वेळ मोजण्यासाठी स्टार्च-आयोडिनचे निळे द्रावण घेऊन त्यात थायोसल्फेट टाकतात. निळा रंग जिथे सर्वांत शेवटी जातो, तीच टाकीची सुस्त जागा. स्पेंटवॉशमध्ये रंग दिसत नाही, म्हणून चालू टाकीत लिथियमचे क्षार टाकून बाहेर पडणाऱ्या द्रवाचे नमुने ठरावीक वेळाने तपासतात. लिथियम अपेक्षेपेक्षा फार लवकर बाहेर आले, तर आत जवळची वाट तयार झाली आहे आणि उरलेली टाकी वाया जाते आहे, असे समजते.

छोट्या टाकीचा निकाल मोठ्या टाकीला जसाच्या तसा लागू पडत नाही. आकार तोच ठेवून व्यास दहापट केला आणि प्रत्येक घनमीटरला तेवढीच शक्ती दिली, तरी खळबळत्या प्रवाहात मिसळायला सुमारे साडेचारपट वेळ लागतो. अमेरिकेतील हॅनफर्डच्या १७७ भूमिगत टाक्यांतल्या किरणोत्सारी कचऱ्यासाठीही बनावट गाळावर मोठ्या चाचण्या घ्याव्या लागल्या. कचऱ्यावर प्रक्रिया होणाऱ्या बंद भांड्यात फिरता भाग दुरुस्त करणे अवघड, म्हणून तिथे निर्वाताने द्रव आत ओढून हवेच्या दाबाने पुन्हा फेकणारे मिश्रक निवडले गेले.

जैववायूच्या टाकीत उलटाही धोका असतो. फार जोराने ढवळले तर एकमेकांना धरून काम करणारे जिवाणू विस्कळीत होतात आणि वीजही वाया जाते. म्हणून ढवळणी थांबून थांबून चालवून पाहतात. प्रत्येक विश्रांतीनंतर साय किती जमली, तळाशी गाळ किती बसला आणि वायू किती मिळाला, यावरून विश्रांती किती लांबवायची ते ठरते.