आज्ञावली-परिष्करण कलन

संगणकाने कोणते उत्तर द्यावयाचे याच्या गणिती विधानापासून आरंभ करून, ते उत्तर काढणारी आज्ञावली सिद्ध नियमांच्या आधारे पायरीपायरीने मिळविण्याची पद्धती. मूळ विधानाला विनिर्देश म्हणतात. नेहमीच्या रीतीत आज्ञावली आधी लिहून मग काही उदाहरणांवर चालवून पाहतात. परंतु अशा तपासणीत चूक आढळली नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणता येत नाही. परिष्करणात रचना व सिद्धता बरोबरच होतात.

समजा, वाशीमच्या बाजार समितीत आलेले अ किग्रॅ. सोयाबीन प्रत्येकी ब किग्रॅ.च्या पोत्यांत भरावयाचे आहे. अ व ब पूर्णांक असून भरलेली पोती प व उरलेला माल श मानू. विनिर्देश असा : अ = प × ब + श; श शून्याहून कमी नाही, तसेच तो ब-पेक्षा कमी आहे. (अ ७३० व ब ५० असल्यास प १४ व श ३० येतो.) यांतील शेवटची अट तूर्त बाजूस ठेवली, तर प = ० व श = अ घेताच उरलेला भाग खरा ठरतो. पुढे श हा ब-इतका किंवा अधिक असेतोवर त्यातून ब वजा करावा व प-मध्ये १ मिळवावा. दर फेरीनंतर समीकरण अबाधित राहते. अशा विधानाला निश्चल म्हणतात. फेऱ्या संपल्या की बाजूस ठेवलेली अटही पूर्ण झालेली असते. मात्र त्या संपतात हेही सिद्ध करावे लागते. श दर वेळी घटतो, हे ब शून्याहून मोठा असेल तरच खरे. ब-च्या जागी चुकून शून्य नोंदले गेले, तर ही आज्ञावली कधीच थांबणार नाही. चार सोयीची उदाहरणे घेणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटणारी ही अट सिद्धता मांडताना टाळताच येत नाही.

चलांची मूल्ये बदलत जाणाऱ्या अशा आज्ञार्थी आज्ञावल्यांच्या रचनेची शिस्त डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७६ च्या ग्रंथात मांडली. राल्फ-योहान बाक यांनी हेलसिंकी येथील १९७८ च्या प्रबंधात तिला कलनाचे रूप दिले. मॉर्गन व मॉरिस यांनी पुढील दशकात ते स्वतंत्रपणे वाढविले.

फलनात्मक आज्ञावल्यांसाठी संबंधांचे कलन अधिक सोयीचे पडते. त्याचे मूळ मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ डी मॉर्गन यांच्या १८६० च्या निबंधापर्यंत जाते. टार्स्की यांनी १९४१ मध्ये त्याची नव्याने मांडणी केली. फलन प्रत्येक आदानास एकच उत्तर देते, संबंधात अनेक उत्तरे चालतात. शेतकऱ्यांची नावे मालाच्या वजनानुसार लावताना दोघांचे वजन सारखे असल्यास कोणताही क्रम योग्यच असतो. अशा संबंधातून, एकही आदान अनुत्तरित न ठेवता, पर्याय कमी करीत जाणे हेच येथील परिष्करण होय. बर्ड व द मूर यांचा १९९७ चा ग्रंथ या शाखेत प्रमाण मानला जातो.

विनिर्देशच चुकीचा असेल, तर या कलनाचा उपयोग नाही. शिवाय हाताने केलेल्या सिद्धता लांबतात व त्यांतही चुका राहतात. ही दुसरी अडचण कमी करण्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत दीपक चौधरी व ओम दमानी यांनी ‘कॅप्स’ हे साधन तयार केले व त्याविषयीचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पायऱ्यांची निवड रचनाकार करतो. त्या बरोबर असल्याची सिद्धता स्वयंचलित सिद्धताकारांकडे सोपविलेली असते.